घरगुती संगणकावरील मर्सेन मूळ संख्यांचा शोध

२ च्या एखाद्या घातातून १ वजा केल्यावर जी मूळ संख्या मिळते तिला मर्सेन मूळ संख्या म्हणतात. ३, ७, ३१ आणि १२७ या पहिल्या चार. घातांक स्वतः मूळ असावा लागतो, पण तेवढ्याने भागत नाही: ११ मूळ आहे, तरी २ च्या अकराव्या घातातून १ वजा केल्यावर येणारे २०४७ हे २३ गुणिले ८९ निघते. म्हणून प्रत्येक घातांकाची वेगळी तपासणी करावी लागते. घातांक कोटींत गेला की हे काम एका माणसाच्या किंवा एका यंत्राच्या आवाक्यात राहत नाही.

ते जगभरच्या संगणकांत वाटून देणारा प्रकल्प म्हणजे ‘ग्रेट इंटरनेट मर्सेन प्राइम सर्च’, थोडक्यात जिम्प्स. अमेरिकी प्रोग्रॅमर जॉर्ज वोल्टमन यांनी तो १९९६ मध्ये सुरू केला. पुढच्या वर्षी स्कॉट कुरोव्स्की यांच्या प्राइमनेट सर्व्हरमुळे घातांक वाटणे आणि निकाल गोळा करणे आपोआप होऊ लागले. २०२४ अखेरपर्यंत माहीत झालेल्या ५२ मर्सेन मूळ संख्यांपैकी १८ या प्रकल्पाच्या आहेत.

तपासणीची मूळ रीत, म्हणजे ल्यूका-लेमर चाचणी, कागदावर करून पाहण्याइतकी सोपी आहे. ४ पासून सुरुवात करायची, वर्ग करून २ वजा करायचे आणि तपासायच्या संख्येने भागून उरलेली बाकी घ्यायची. १२७ साठी ४ नंतर क्रमाने १४, ६७, ४२, १११ आणि ० येतात. पाचव्या पायरीला शून्य आले, म्हणून १२७ मूळ. घातांक ७ असेल तर पायऱ्या ५. घातांक साडेतेरा कोटी असेल तर पायऱ्याही जवळपास तेवढ्याच, आणि प्रत्येक पायरीला चार कोटी अंकी संख्येचा वर्ग. एका पायरीला ५ मिलिसेकंद लागले तरी एका घातांकाला सुमारे ८ दिवस जातात. यातल्या एकाही पायरीत एक बिट चुकला की पुढचे सगळे आकडे निरर्थक ठरतात. घरच्या संगणकाची मांडणी करताना वेगाआधी अचूकपणा पाहायचा तो यासाठीच.

विंडोजवर हे काम प्राइम९५ आणि लिनक्सवर एमप्राइम हा प्रोग्रॅम करतो. पहिल्यांदा उघडल्यावर तो विचारतो, प्रकल्पात सामील व्हायचे की फक्त यंत्राची ताणचाचणी (पूर्ण भार टाकून ते चुकते का हे पाहणे) घ्यायची. सामील व्हायचे असले तरी आधी ताणचाचणी एक-दोन दिवस चालवावी. ओव्हरक्लॉक केलेला, म्हणजे ठरलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने चालवलेला संगणक एरवी महिनोन्‌महिने सुरळीत चालतो आणि इथे तासाभरात चुकीची बेरीज दाखवतो; अशा वेळी वेग मूळ मर्यादेवर आणणे हाच उपाय. ही चाचणी किती कडक आहे याचा पुरावा २०१६ मध्ये मिळाला. प्राइम९५ चालवणाऱ्यांना स्कायलेक प्रोसेसर गोठताना आढळले, इंटेलने दोष मान्य केला आणि तो बायोसच्या (संगणक सुरू करणाऱ्या मूलभूत प्रोग्रॅमच्या) दुरुस्तीने दूर झाला.

दुसरा प्रश्न कोर, म्हणजे प्रोसेसरमधले स्वतंत्र गणनविभाग, वाटण्याचा. आठ कोर असतील तर आठ घातांक एकदम घ्यावेत असे सहज वाटते, पण ते बहुधा तोट्याचे ठरते. एवढ्या मोठ्या घातांकाच्या गणितात सतत हाताशी लागणारी माहितीच ५० एमबीच्या वर जाते. ती प्रोसेसरच्या कॅशमध्ये (आतल्या छोट्या, वेगवान स्मृतीत) सहसा मावत नाही आणि सगळे कोर रॅमच्या दारात रांग लावतात. एकाच घातांकावर सगळे कोर लावणे चांगले. रॅमची एक मोठी पट्टी घेण्यापेक्षा सारख्या दोन पट्ट्या दोन चॅनेलांत (रॅमकडे जाणाऱ्या दोन वेगळ्या मार्गांवर) बसवल्याने वेग स्पष्ट वाढतो.

लॅपटॉप बॅटरीवर आला की काम थांबण्याची सोय प्रोग्रॅममध्ये आहे. ती चालू ठेवावी. तो ठरावीक वेळाने स्थिती डिस्कवर लिहितो, त्यामुळे वीज गेली तरी सगळे काम बुडत नाही. विजेचा हिशेब मात्र आधीच करावा. १५० वॅट घेणारा संगणक अहोरात्र चालला तर महिन्याला १०८ युनिट होतात, आणि महावितरणच्या घरगुती दरांचा पहिला टप्पा १०० युनिटांचा आहे. ही सगळी वीज शेवटी खोलीत उष्णता होऊन उतरते. नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात प्रोसेसरची वीजमर्यादा कमी करणे किंवा फक्त रात्री काम चालवणे शहाणपणाचे.

पूर्वी प्रत्येक निकाल दुसऱ्या संगणकावर पुन्हा पहिल्यापासून काढावा लागे. आता पहिल्या तपासणीसाठी संभाव्य मूळता चाचणी, म्हणजे संख्या बहुधा मूळ आहे की नाही एवढेच सांगणारी चाचणी, वापरतात. तिच्यासोबत रॉबर्ट गेर्बिट्झ यांची चूकशोधक पद्धत चालते. गडबड झाली की गणित मागच्या खात्रीच्या टप्प्यावर जाते. २०२० पासून निकालासोबत पुरावा-फाइलही पाठवता येते आणि ती पडताळायला दुसऱ्या यंत्राला अगदी थोडे काम करावे लागते. त्यासाठी काही जीबी डिस्क मोकळी हवी. पाठवायची फाइल दीडशे एमबीच्या आसपास असते, तेव्हा मोबाइल डेटावर चालणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

ऑक्टोबर २०२४ मध्ये ल्यूक ड्युरंट यांना मिळालेली ४,१०,२४,३२० अंकी संख्या घरच्या प्रोसेसरवर सापडली नाही. त्यांनी अनेक देशांतल्या डेटा सेंटरमधली ग्राफिक्स कार्डे जोडली होती आणि शोध डब्लिनमधल्या एका कार्डावर लागला. त्याआधीची २,४८,६२,०४८ अंकी संख्या मात्र डिसेंबर २०१८ मध्ये फ्लोरिडातल्या पॅट्रिक लारोश यांच्या साध्या संगणकाने दिली होती.

निकाल आला तरी तो कोणाच्या नजरेस पडावा लागतो. अमेरिकेतल्या सेंट्रल मिझुरी विद्यापीठात कर्टिस कूपर यांच्या देखरेखीखालच्या एका संगणकाने २,२३,३८,६१८ अंकी मूळ संख्या १७ सप्टेंबर २०१५ रोजीच सर्व्हरला कळवली होती. सूचनेचा ईमेल गेला नाही आणि निकाल साडेतीन महिन्यांहून अधिक काळ तसाच पडून राहिला. शोधाची अधिकृत तारीख ७ जानेवारी २०१६ आहे, कारण माणसाने तो निकाल पहिल्यांदा पाहिला त्या दिवशी.