‘टोकाचं पाऊल’ या दोन शब्दांत हरवलेला फरक

बातमीचं शीर्षक ठरलेलं असतं: ‘अमक्या कारणातून टोकाचं पाऊल’. मुलीने जीव द्यायचा प्रयत्न केला असो की दार बंद करून स्वतःला इजा करून घेतली असो, शब्द तेच. मालिकेतही तसंच. संगीत चढतं, कॅमेरा हातावर जातो आणि पुढच्या दृश्यात दवाखान्यातला पलंग, भोवती रडणारं घर. पाहणाऱ्याच्या डोक्यात समीकरण पक्कं बसतं: जखम दिसली म्हणजे मरायला निघाली होती.

मानसोपचारात या दोन गोष्टी वेगळ्या धरतात, आणि फरक बघायचा तो जखमेत नाही, हेतूत. आत्महत्येच्या प्रयत्नात माणसाला निदान त्या क्षणी जगणं संपवायचं असतं, भले मन दोन्हीकडे ओढत असो. स्वतःला इजा करून घेणाऱ्याला बहुतेकदा त्या घडीची भावना सहन होत नसते: कोंडलेला राग, स्वतःचा तिटकारा, किंवा याच्या उलट, काहीच जाणवत नाही अशी बधिरता. त्यातून मिळणारी सुटका टिकत नाही. मागोमाग शरम येते, मग लपवाछपवी, आणि जे सोसवत नव्हतं ते जागच्या जागीच असतं. 2013 साली अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेत ‘आत्महत्येचा हेतू नसलेली इजा’ अशी वेगळी नोंद आली, तीही अजून अभ्यास व्हायला हवा अशा यादीत.

दुसरा गैरसमज पहिल्याच्या अगदी उलट: ‘नाटकं आहेत, लक्ष वेधून घ्यायचंय.’ ऐन उकाड्यात पूर्ण बाह्यांचा शर्ट न काढणारं, खेळाच्या तासाला रोज पोटदुखी सांगणारं पोर कोणाचं लक्ष वेधतंय? ते तर लक्ष चुकवतंय. 1995 साली राजकुमारी डायना बीबीसीवरच्या मुलाखतीत स्वतःला इजा करून घेतल्याबद्दल बोलली, तेव्हा लोकांना हे लक्ष वेधून घेणं वाटतं, हेही तिने सांगितलं होतं. आणि समजा कोणी खरंच लक्ष मागत असेल, तर ते द्यायला काय हरकत आहे, हे मला कधी कळलेलं नाही.

आता खरी अडचण. इजा आणि आत्महत्येचा प्रयत्न या गोष्टी वेगळ्या, म्हणजे एकमेकींशी संबंध नसलेल्या, असं नाही. वारंवार इजा करून घेणाऱ्यांमध्ये पुढे आत्महत्येच्या प्रयत्नाचा धोका इतरांपेक्षा जास्त आढळतो. एकाच माणसाचा हेतू आज एक, महिन्याने दुसरा असू शकतो. म्हणून ‘मरायचं नव्हतं ना, मग झालं’ म्हणून सोडून देणं ‘टोकाचं पाऊल’ म्हणण्याइतकंच चूक.

माध्यमं थोडी बदलली आहेत. 2019 च्या फेब्रुवारीत इन्स्टाग्रामने इजेची भडक चित्रं बंद करण्याचं जाहीर केलं. आत्महत्येची बातमी देताना पद्धतीचं वर्णन करू नये, असं जागतिक आरोग्य संघटना पत्रकारांना कधीपासून सांगते आहे. इजेच्या बातमीलाही तोच नियम लावायला हवा, कारण जखमेचं जवळून घेतलेलं चित्र प्रेक्षकाला माहिती काहीच देत नाही, मात्र त्याच अवस्थेतल्या मुलाला ते हादरवतं किंवा खुणावतं.

मग घरच्याने फरक ओळखायचा कसा? विचारून. आधी जखमेवर उपचार, मग शेजारी बसून, आवाज न चढवता: ‘तुला मरावंसं वाटत होतं का?’ असं विचारल्याने नसलेला विचार डोक्यात शिरत नाही. उत्तर ‘हो’ आलं, किंवा धड ‘नाही’ही आलं नाही, तर त्याला एकटं सोडू नये आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. ‘नाही’ आलं, तरी समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञ हवाच, फक्त धावपळ कमी. आणि ‘पुन्हा करणार नाही म्हण, घे माझी शपथ’ असं वदवून घेणं टाळावं. शपथ मोडली, तर पुढच्या वेळी ते पोर तुमच्याकडे येणार नाही, बाह्या आणखी खाली ओढेल.