प्रयोग आणि निरीक्षणात्मक अभ्यास

संख्याशास्त्रात कार्यकारणाचा माग काढण्याचे दोन मार्ग. त्यांतला भेद मोजमापाच्या काटेकोरपणावर ठरत नाही. कोणाला काय मिळणार हे कोणी ठरवले, त्यावर ठरतो. संशोधकाने ठरवले तर प्रयोग. माणसांनी, निसर्गाने किंवा सरकारने आधीच ठरवलेले त्याने नुसते नोंदले, तर निरीक्षणात्मक अभ्यास.

रत्नागिरी-देवगडचा हापूस एक वर्षाआड भरघोस धरतो. मोहोर लवकर आणि दरवर्षी यावा म्हणून बरेच बागायतदार पावसाळ्यात कलमांच्या बुंध्याभोवती पॅक्लोब्युट्राझोल हे झाडाची वाढ रोखणारे रसायन घालतात. बागेत त्याला 'कल्टार' म्हणतात. समजा, कल्टारवाल्या बागांच्या पेट्या इतरांपेक्षा जास्त भरल्या. पण कल्टारवर खर्च करणारा खतही वेळेवर घालतो, तुडतुड्यांची फवारणी चुकवत नाही, राखणीला गडी ठेवतो. मग जास्तीच्या पेट्या कशाच्या? अशा आड येणाऱ्या कारणाला संभ्रमकारी घटक म्हणतात. नोंदलेल्या घटकांचा परिणाम गणिताने बाजूला काढता येतो. जे कोणी टिपलेच नाही, ते आकड्यांत लपून राहते.

प्रयोगात कोणत्या कलमाला कल्टार घालायचे हे चिठ्ठ्या टाकून ठरते, बागायतदाराच्या मर्जीने नव्हे. या यादृच्छिक वाटपाची पद्धत संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी 1920 च्या दशकात इंग्लंडमधील रॉथमस्टेड या शेती संशोधन केंद्रात घडवली. कोकणातल्या उताराच्या बागेत मात्र नुसत्या चिठ्ठ्या पुरत नाहीत. वर जांभ्याचा कातळ, खाली खोल माती. म्हणून उताराचे आडवे पट्टे पाडून प्रत्येक पट्ट्यात वेगळ्या चिठ्ठ्या टाकतात. शेजारच्या कलमाची मुळे औषध ओढतील म्हणून मध्ये एखादी ओळ मोजणीबाहेर सोडतात. एका हंगामावर तर विसंबूच नये: ते वर्ष कलमाच्या विश्रांतीचेही असू शकते.

यादृच्छिक नमुना निवडणे ही वेगळी गोष्ट. चिठ्ठीने निवडलेल्या दोनशे घरांत मिश्रीची सवय विचारली, तरी ते निरीक्षणच. प्रयोगासाठी कोणाला मिश्री लावायला सांगता येत नाही. धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंधही डॉल आणि हिल या ब्रिटिश संशोधकांनी 1950 साली रुग्णांची तुलना करूनच दाखवला.

पावसाळी मासेमारीबंदी दिसायला प्रयोगासारखी. पण ती राज्याच्या साऱ्या किनाऱ्याला एकदमच लागू होते, तुलनेला बंदीविना बंदर उरत नाही. बंदीनंतर बांगडा वाढला, तरी त्या वर्षीचे समुद्राचे तापमान आणि खाद्य यांचा वाटा वेगळा काढावाच लागतो.