यॉर्कचा चॉकलेट-वारसा : एक पायी फेरी

इंग्लंडच्या उत्तर भागातील यॉर्क या तटबंदीच्या शहरात अठराव्या शतकापासून कोको व चॉकलेटचा धंदा वाढला. त्याच्या खुणा शोधत शहरातून पायी हिंडण्याची ही रीत. राउन्ट्री, टेरी आणि क्रेव्हन ही इथली तीन मोठी घराणी. त्यांच्या जुन्या जागा इतक्या लगटून आहेत की तटाच्या आतली फेरी निवांत चालत तासाभरात होते. रस्त्यांच्या नावांतले ‘गेट’ म्हणजे वेस नव्हे. व्हायकिंग म्हणजे स्कँडिनेव्हियातून आलेले दर्यावर्दी. त्यांच्या भाषेतला तो रस्त्यासाठीचा शब्द. वेशीला इथे ‘बार’ म्हणतात.

सुरुवात वॉमगेटपासून करावी. १७२५ मध्ये मेरी ट्यूक या क्वेकर नावाच्या ख्रिस्ती पंथातल्या अविवाहित बाईने इथे किराणा दुकान थाटले. व्यापारी संघाचा परवाना नव्हता, म्हणून तिच्यामागे वर्षानुवर्षे दंडाचा ससेमिरा लागला. तिने दुकान बंद केले नाही, आणि अखेर संघालाच तिला मुभा द्यावी लागली. क्वेकरांना त्या काळी इंग्लंडच्या विद्यापीठांची दारे बंद होती. युद्ध आणि शपथ दोन्ही त्यांना वर्ज्य. मग उरला व्यापार. त्यातही दारूला पर्याय म्हणून कोको त्यांच्या मनाला पटणारा होता. ट्यूकांचा कोकोचा धंदा १८६२ मध्ये हेन्री आयझॅक राउन्ट्री यांनी विकत घेतला.

पुढे कॉपरगेट लागते. १८६२ मध्येच मेरी अ‍ॅन क्रेव्हन ३३ व्या वर्षी विधवा झाली. पदरात तीन मुले, माथ्यावर वडिलांचा आणि नवऱ्याचा असे मिठाईचे दोन धंदे. तिने ते एकत्र केले आणि १९०२ मध्ये मरेपर्यंत स्वतः चालवले. यॉर्कच्या चॉकलेटची गोष्ट सांगताना कारखानदार पुरुषांची नावे आधी येतात. या दोघींची नावे त्यांच्याआधी यायला हवीत. क्रेव्हनांचा इथला कारखाना हलल्यावर त्या जागेवर १९७६ ते १९८१ या काळात उत्खनन झाले आणि गोळ्या-मिठाईच्या जमिनीखाली व्हायकिंगांची वस्ती सापडली. लाकडी भिंती, चामड्याचे जोडे, सगळे ओल्या मातीत टिकून राहिलेले. आज तिथे योर्विक संग्रहालय आहे.

शेजारच्या पेव्हमेंट रस्त्यावर राउन्ट्रींचे वडिलोपार्जित किराणा दुकान होते. बर्मिंगहॅमच्या कॅडबरी घराण्यातले जॉर्ज कॅडबरी तरुणपणी इथेच शिकाऊ म्हणून काम करीत होते. सेंट हेलेन्स चौकातल्या जुन्या इमारतीच्या दर्शनी भागावर टेरींचे नाव अजून वाचता येते. संत्र्याच्या फोडींसारखे सुटणारे त्यांचे चॉकलेट १९३२ चे. बिशपथॉर्प रस्त्यावरचा कारखाना मात्र २००५ मध्ये बंद पडला.

लेंडल पूल ओलांडला की टॅनर्स मोट हा रस्ता. हेन्री राउन्ट्रींचा कारखाना तिथे डबघाईला आला, तेव्हा १८६९ मध्ये भाऊ जोसेफ मदतीला आले. १८८१ मध्ये फळांच्या रसाळ गोळ्यांनी कारखान्याला हात दिला आणि १८९० नंतर कारभार हळूहळू तटाबाहेर हॅक्सबी रस्त्यावर गेला. तिथे १९३५ मध्ये ‘चॉकलेट क्रिस्प’ निघाले. १९३७ मध्ये त्याला किटकॅट हे नाव मिळाले. १९८८ मध्ये नेस्लेने राउन्ट्री विकत घेतली, आणि पुढे हेच किटकॅट गोव्यात फोंडा तालुक्यातही बनू लागले. हॅक्सबी रस्त्यावरचा कारखाना चालूच आहे. वारा तिकडून वाहत असला की भाजलेल्या कोकोचा वास आधी येतो, कारखाना मागाहून दिसतो.