झोपेच्या सुईनं काकाजी मेले नाहीत

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावात मागच्या महिन्यात शेजारच्या काकाजींची तेरवी झाली, तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्यानं झालेला तोंडाचा कॅन्सर. पंगतीत लोक म्हणून राहिले होते, "डाक्टरनं झोपेची सुई देऊन मारलं बुढ्याले." शेवटचे दोन दिवस मी त्या घरातच होतो, म्हणून लिहून राहिलो.

दुखणं दाबणारं मॉर्फिन वाढवूनही काकाजींची तडफड थांबत नव्हती. पोराला ओळखत नव्हते, गोधडीचा कोपरा मुठीत धरून ओढत होते. कोणी म्हणे जीव अडकला, लिंबू उतरवा. जीव कशातच अडकला नव्हता, शरीर थकत गेलं की मेंदूचा असा गोंधळ होतो आणि लिंबानं तो जात नाही! बाकी उपाय संपले तेव्हा घरच्यांना विचारून डॉक्टरांनी मिडाझोलाम, म्हणजे तीच झोपेची सुई, कातडीखाली थोडं थोडं सुरू केलं, त्रास जाणवणार नाही इतकंच.

आता हे औषध करते काय? मेंदूत गाबा नावाचं रसायन असते, ते म्हणजे ब्रेक. चेतापेशीवर त्याचा दरवाजा असतो, प्रोटीनचे पाच तुकडे गोल उभे आणि मधात छिद्र. गाबा चिकटला की छिद्र उघडते, क्लोराइड (आपल्या मिठातलंच) आत शिरते, ते ऋण भाराचं असल्यानं पेशीतला व्होल्टेज उणे 70 मिलिव्होल्टच्या आसपास दाबून ठेवते आणि पेशी संदेश पाठवत नाही. मिडाझोलाम गाबाच्या जागेवर बसतच नाही, ते बाजूला, त्या पाचातल्या अल्फा आणि गॅमा नावाच्या तुकड्यांच्या मधल्या खाचेत बसते, त्यानं गाबाचा दरवाजा जास्त वेळा उघडते. पण गाबाच नसला तर एकट्या मिडाझोलामनं दरवाजा उघडत नाही, म्हणजे ब्रेक शरीराचाच, औषध फक्त त्याला जोर देते. बार्बिच्युरेट नावाची जुनी झोपेची औषधं मोठ्या डोसमध्ये गाबाशिवायही दरवाजा उघडतात, म्हणून ती जास्त धोक्याची.

जास्त झालं तर मिडाझोलामनंही श्वास मंदावतो, मॉर्फिनसोबत तर जास्तच, म्हणूनच डोस हळूहळू वाढवतात. असं बेतानं दिलं तर मरण लवकर येते असं अभ्यासांत दिसलेलं नाही. इच्छामरणाशी याची गल्लत करू नका. सुप्रीम कोर्टानं 9 मार्च 2018 ला बरा न होणाऱ्या रोग्याचं मशीन काढायची, उपचार थांबवायची वाट मोकळी केली, पण मारायसाठी सुई देणं भारतात आजही गुन्हाच आहे.

सुई लागल्यावर अर्ध्या तासानं काकाजींची मूठ सैल झाली, गोधडी सुटली. त्यानंतर ते दीड दिवस होते, काकू ओल्या कापसानं त्यांचे ओठ भिजवत बसल्या होत्या.