४,१३,००१ (संख्या)

४,१३,००१ (चार लाख तेरा हजार एक) ही सहा अंकी विषम संख्या. सोलापूरच्या मुख्य टपाल कार्यालयाचा पिनकोड म्हणून ती सर्वांच्या ओळखीची आहे. चादरींच्या पार्सलवर आणि लग्नपत्रिकेच्या पाकिटावर सोलापूरकर ती न अडखळता लिहितात.

पिनकोड पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. ती श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखली. पहिला ४ महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश व छत्तीसगड यांच्या विभागाचा, तर शेवटचे तीन अंक टपाल कार्यालयाचे. अंक टपालाच्या सोयीने जुळले. गणित आपसूक आले.

मूळ अवयव पाडल्यास ४,१३,००१ = ३ × ३ × १०९ × ४२१. अंकांची बेरीज ९ असल्याने ९ने भाग जाणार हे चटकन दिसते. पुढच्या ४५,८८९चे अवयव मात्र सहजी हाती लागत नाहीत. १०७पर्यंतच्या एकाही मूळ संख्येने भाग जात नाही, तो थेट १०९ने जातो. १०७–१०९ आणि ४१९–४२१ या दोन्ही जोडमूळ (म्हणजे दोनाचा फरक असलेल्या मूळ संख्यांच्या) जोड्या आहेत. एकूण विभाजक १२.

सर्वांत देखणा गुणधर्म वर्गांचा. १०९ आणि ४२१ यांना ४ने भागल्यास बाकी १ उरते, आणि अशी प्रत्येक मूळ संख्या दोन वर्गांच्या बेरजेत मांडता येते: १०९ = १०² + ३², ४२१ = १५² + १४². म्हणून ४,१३,००१ ही संख्याही दोन वर्गांची बेरीज होते, तीही दोन तऱ्हांनी: ५७६² + २८५² आणि ३२४² + ५५५². तिसरी तऱ्हा नाही. त्यातही ५७६ हा २४चा वर्ग आणि ३२४ हा १८चा; म्हणजे २४⁴ + २८५² = १८⁴ + ५५५². असा योग सहा अंकी संख्येत सापडावा याचे अप्रूप वाटते.

अंकांच्या बेरजेने जिला निःशेष भाग जातो तिला देवळालीचे शिक्षक द. रा. कापरेकर यांनी ‘हर्षद’, म्हणजे आनंद देणारी, असे नाव दिले. ४,१३,००१ हर्षद आहे. शहरातलाच ४१३००४ हाही हर्षद (अंकांची बेरीज १२). बार्शीच्या ४१३४०१ची संधी मात्र एकाने हुकली: बेरीज १३, बाकी १. हा गुण दशमान लेखनावर अवलंबून असल्याने वर्गांच्या गुणधर्माइतका खोल नाही.

कापरेकरांचीच दुसरी क्रिया, अंक उतरत्या क्रमाने मांडून त्यातून चढता क्रम वजा करण्याची, येथे लावली की ४,३१,१०० − १,१३४ = ४,२९,९६६ मिळतात. आलेल्या उत्तरावर तीच क्रिया करत गेल्यास पुढे ७,४९,९४३, ६,५२,६४४ आणि ४,२०,८७६. चार अंकी संख्यांची ही वाट ६१७४वर थांबते. येथे ती थांबत नाही. ८,५१,७४२, ७,५०,८४३, ८,४०,८५२, ८,६०,८३२, ८,६२,६३२, ६,४२,६५४ असे फिरून सातव्या पायरीला पुन्हा ४,२०,८७६ येतो.