धुऱ्यावरची (शेताच्या बांधावरची) व पडीक जमिनीतली वृक्षलागवड : प्रशिक्षणाविषयी ग्राहकांसाठी माहिती

आमच्या रोपवाटिकेतून रोपे नेणाऱ्या शेतकरी बंधू-भगिनींसाठी आम्ही मृग नक्षत्रापूर्वी लागवडीचे आणि दिवाळीनंतर छाटणी-तोडणीचे प्रशिक्षण घेतो. रोपे विकणे हा आमचा धंदा आहे. परंतु नेलेली रोपे पहिल्याच उन्हाळ्यात वाळली, तर त्यात शेतकऱ्याचे वर्ष जाते आणि आमचा ग्राहकही जातो.

प्रशिक्षणात प्रथम वावर पाहिले जाते. पाणी धरून ठेवणाऱ्या भारी काळ्या जमिनीत साग नीट पोसत नाही, त्याला मुरमाड व निचऱ्याची जमीन मानवते. म्हणून कपाशी-तुरीच्या भारी वावरासाठी सागाची मागणी आली, तर आम्ही ती नाकारून बाभूळ किंवा करंज सुचवतो. बरड जमिनीसाठी सीताफळ व आवळा, तर नाल्याकाठी माती धरून ठेवणारा बांबू योग्य ठरतो. धुऱ्यावर आधीपासून उभे असलेले मोह आणि पळस तोडून तेथे नवी रोपे लावू नयेत, असे आमचे स्पष्ट मत आहे, कारण मोहाचे नवे झाड फुलावर येण्यास बरीच वर्षे लागतात.

सागजडी (सागाच्या रोपाचा शेंडा व बारीक मुळे छाटून उरलेला मुळाचा तुकडा) लावताना पहारीने सरळ भोक पाडून जडी उभी बसवावी, तिचे वरचे टोक जमिनीच्या पातळीला ठेवावे आणि भोवतालची माती टाचेने घट्ट दाबावी. आत पोकळी राहिली, तर जडी सुकते किंवा पाणी साचून कुजते. बांबूच्या बेटातून चालू व गेल्या पावसाळ्यात आलेल्या काठ्या काढू नयेत. पक्व काठी जमिनीलगतच्या गाठीच्या जरा वर कापावी, म्हणजे उरलेल्या खुंटाच्या पोकळीत पाणी साचत नाही.

उत्पन्नाबाबत स्पष्ट सांगणे आवश्यक आहे. सीताफळ तिसऱ्या-चौथ्या वर्षी आणि बांबू चौथ्या-पाचव्या वर्षी हाती येऊ लागतो. सागाला मात्र वीस-पंचवीस वर्षे द्यावी लागतात, आणि त्याआधी तोडलेल्या लाकडात पक्का गाभा कमी व पांढरे लाकूड जास्त निघत असल्याने भाव पडतो. पाच वर्षांत सागातून लाखो रुपये मिळतील अशा जाहिरातींवर विश्वास ठेवू नये. (आमच्याकडे तशी रोपे नाहीत.)

कागदपत्रांकडे दुर्लक्ष झाल्यास उभे झाड विकता येत नाही. लावलेल्या झाडांची नोंद सातबारावर करून घ्यावी. साग स्वतःच्या शेतातला असला तरी तोडीची परवानगी व वाहतूक परवाना लागतो. बांबूला मात्र २०१७ साली भारतीय वन अधिनियमातील 'वृक्ष' या व्याख्येतून वगळल्यामुळे वनक्षेत्राबाहेरील बांबूची तोड व विक्री सोपी झाली आहे.

शेळ्या आणि रोही (नीलगाय) यांच्यापासून रोपे वाचवण्याचे उपाय प्रशिक्षणात दाखवले जातात. परंतु आमच्या पाहण्यात, उन्हाळ्यात धुरे जाळण्याच्या पद्धतीमुळे रोपांचे सर्वाधिक नुकसान होते. आग लागण्याआधी रोपांच्या दोन्ही बाजूंचे गवत कापून पट्टा मोकळा करणे हाच यावर खात्रीचा उपाय आहे.

प्रशिक्षणाला येताना सातबाराचा उतारा आणि वावरातील दीड फूट खोलीवरची थोडी माती आणावी, तसेच सालदार (वर्षाच्या करारावरचा गडी) असल्यास त्यालाही सोबत आणावे. धुरा बहुधा तोच पेटवतो.