अँटिव्हायरस आहे, मग मेलमधून कोण फसवणार? हा समज चुकीचा

सोलापुरात टॉवेल-चादरींच्या धंद्यातही हा समज घट्ट आहे: फसतो तो अनोळखी अटॅचमेंट उघडणारा. पण मोठी रक्कम नेणाऱ्या मेलमध्ये अनेकदा व्हायरस नसतोच. साधा मजकूर असतो: "आमचं बँक खातं बदललंय, सुताच्या बिलाचे पैसे नव्या खात्यात टाका." त्यात अँटिव्हायरस पकडणार काय?

चोर आधी पुरवठादाराच्या मेलबॉक्समध्ये शिरतो, जुनी बिलं वाचतो आणि ऐन पेमेंटच्या वेळी त्याच संभाषणात उत्तर घालतो. बिल नंबर बरोबर, रक्कम बरोबर. पत्ता कधी खराच असतो. कधी त्यात इंग्रजी 'एम'च्या जागी 'आर' आणि 'एन' चिकटून बसलेले असतात. मोबाइलवर तर बहुधा नुसतं नाव दिसतं. इथे हुशार अकाउंटंटही फसतो. त्याला बावळट ठरवणं अन्यायाचं आहे.

खातं बदलल्याचा मेल आला की आपल्याकडच्या जुन्या नंबरवर फोन करा, मेलमधल्या नव्हे. मेलला टू-स्टेप व्हेरिफिकेशन, म्हणजे पासवर्डनंतरची दुसरी पडताळणी, लावा. आपले मेल आपोआप दुसऱ्या पत्त्यावर फॉरवर्ड करणारा नियम मेलच्या सेटिंगमध्ये कुणी घातलाय का तेही पाहा. पासवर्ड बदलला तरी तो चालू राहू शकतो. पैसे गेलेच तर लगेच बँकेला आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा; पुढच्या खात्यात सरकण्याआधी रक्कम गोठवता येऊ शकते.